‘वाचतो की!’ : लवकर वाचणारी स्वमग्न मुलं आणि त्यांच्या वाचनाचं आपण काय करतो

समीक्षा म्हटलं की समोर एखादं पुस्तक, नाटक किंवा सिनेमा लागतो. आज आम्ही दोन शब्दांचं एक वाक्य समीक्षेला घेतलं आहे. नाटक-सिनेमे पुढे येतील, पण मुख्य मजकूर हाच: ‘वाचतो की!’

प्रसंग डोळ्यांपुढे आणा. चार वर्षांचा मुलगा. हाक मारली तर वळून बघत नाही. तहान लागली तर सांगत नाही, आईचा हात धरून तिला माठापाशी नेतो. पण नगरच्या माळीवाडा स्टँडवर उभा केला, की पाट्या एकामागून एक वाचत सुटतो: पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा. कोणी शिकवलेलं नाही. घरी कालनिर्णय पालथं घालून झालंय, खताच्या गोणीवरचा मजकूर पाठ आहे. आई म्हणते, याचं काहीतरी वेगळं आहे, कुठे दाखवू या का? आणि घरातलं, शाळेतलं किंवा शेजारचं कोणीतरी म्हणतं, ‘अगं, त्यात काय दाखवायचंय? वाचतो की!’

या ‘की’वर जरा थांबू. मराठीतला हा ‘की’ माहिती देत नाही, वाद मिटवतो. ‘जेवलाय की’, ‘आलाय की’. समोरच्याची शंका बिनबुडाची आहे, एवढं सांगायला तो येतो. ‘वाचतो की’ म्हणणाऱ्याने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. वाचतो म्हणजे त्याला समजतं. आणि समजतं म्हणजे बाकीचं आपोआप येईल. आमचा आक्षेप या दोन्ही गृहीतकांना आहे. म्हणणाऱ्याच्या मायेला नाही.

ती माया कुठून येते तेही बघायला हवं. ज्या नगरात 1840च्या दशकात सिंथिया फॅरारबाईंच्या हाताखाली सावित्रीबाई फुले अध्यापनाचं शिक्षण घेऊन गेल्या, त्या नगरला वाचता येण्याची किंमत सांगायला नको. आजही या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आजीने आयुष्यभर अंगठा उठवला आणि मुलाने पहिल्यांदा सही केली. अशा घरात नातू चौथ्या वर्षी पेपर वाचतो, म्हणजे घराण्याचा पांग फिटला. तिथे ‘याला डॉक्टरकडे नेऊ’ म्हणणारी सून खुळीच ठरणार.

आता या वाचनाला नाव काय? मराठीत रुळलेला शब्द नाही, म्हणून आम्ही ‘हायपरलेक्सिया’च म्हणतो. 1967 साली सिल्बरबर्ग दांपत्याने हा शब्द वापरात आणला. योगायोग असा, की आपली ‘बालभारती’ही त्याच वर्षी स्थापन झाली. पण निरीक्षण त्याहून जुनं आहे. 1943 साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला, तिथून आजच्या अर्थाने ऑटिझमची चर्चा सुरू होते. त्यातच त्यांनी नोंदवून ठेवलंय, की ही मुलं वाचायला झटकन शिकतात, पण एकसुरी वाचतात, आणि गोष्ट त्यांच्यापर्यंत अखंड न पोचता तुकड्यातुकड्यांनी पोचते. 2017 साली माँट्रियलच्या संशोधकांनी तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. स्वमग्न मुलांमध्ये हे लक्षण साधारण 6 ते 20 टक्क्यांत आढळतं आणि नोंदल्या गेलेल्या हायपरलेक्सिक मुलांपैकी बहुतेक स्वमग्न असतात, असं त्यातून दिसतं. म्हणजे सगळी स्वमग्न मुलं अशी नसतात. आणि लवकर वाचणारं प्रत्येक मूल स्वमग्न असतं असंही नाही. काही मुलं नुसतीच लवकर वाचतात, त्यांच्या मागे लागू नये.

(‘स्वमग्न’ शब्दाबद्दलही आमची तक्रार आहे. स्टँडवरची एकेक पाटी, बसचा एकेक नंबर टिपणारं मूल ‘स्व’मध्ये मग्न आहे की जगात? पण शब्द रुळला आहे, वापरू.)

वाचन म्हणजे नेमकं काय, यावर 1986 साली गॉफ आणि टन्मर यांनी एक सोपी मांडणी केली. अक्षरांचा उच्चार करता येणं गुणिले भाषा समजणं, बरोबर वाचन. बेरीज नाही बरं का, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्य. डिस्लेक्सियात पहिली बाजू दुबळी असते. हायपरलेक्सियात पहिली प्रचंड आणि दुसरी मागे पडलेली. शून्य नव्हे, मागे पडलेली. या फरकाकडे पुन्हा यायचं आहे.

इथे देवनागरीचा मुद्दा येतो, आणि तो इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला ठेच लागायला जागोजागी दगड असतात. स्पेलिंग एक, उच्चार दुसरा. तिथे चौथ्या वर्षी सफाईने वाचणारं मूल खरोखर काहीतरी अवघड करतं. मराठीत बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की दार सताड उघडतं. मग ‘सकाळ’चा अग्रलेख, सातबारा, औषधाच्या बाटलीवरची सूचना, काहीही वाचता येतं. शब्द कधी ऐकलेला नसला तरी अडत नाही. आपली लिपी चांगली आहे म्हणून आपलं मूल अधिक फसवं वाचतं, असं म्हणा हवं तर. इंग्रजीत जी कसरत दिसते ती मराठीत चमत्कार वाटते. मूल अग्रलेख वाचतं आहे आणि त्याला ‘तुझं पोट दुखतंय का?’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच सकाळी खरी असू शकतात.

मग समजतंय की नाही हे कळायचं कसं? 1983 साली उटा फ्रिथ आणि मार्गारेट स्नोलिंग यांनी एक युक्ती वापरली. इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार असतात: ‘टिअर’ म्हणजे अश्रू, ‘टेअर’ म्हणजे फाडणे. कोणता उच्चार करायचा ते वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही. स्वमग्न मुलं तिथे अडखळली. मराठीत असे शब्द नाहीत असं कोणी म्हणेल. आहेत! आपल्या च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. ‘आजी जप करते’ आणि ‘पोरी, तब्येतीला जप’. पहिला ज ‘जीव’मधला, दुसरा ‘जागा’मधला. ‘जग फार मोठं आहे’ आणि ‘शंभर वर्षं जग’. ‘जरा थांब’ मधला जरा आणि ‘जरा-मरण’ मधली जरा. ही वाक्यं वाचायला द्या आणि कान देऊन ऐका. दोन्ही ‘जप’ एकसारखे आले, तर उच्चाराची गाडी अर्थाच्या स्टेशनावर न थांबता पुढे गेली. पण एक ध्यानात घ्या. 1986च्या त्यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं, की शब्दाला दोन रूपं आहेत हे आधी लक्षात आणून दिलं, तर भाषा बऱ्यापैकी असलेली मुलं बरीच सावरतात. अर्थाकडे जायची वाट बंद नसते. कोणीतरी ‘इकडे बघ’ म्हणायला लागतं. घरी करून बघायचं तर खेळ म्हणून करा. पाहुण्यांसमोर नको.

आणि आपली मोजमापं? ‘असर’ची पाहणी 2005पासून होते. घरी येऊन मुलापुढे अक्षरं, शब्द, उतारा, गोष्ट ठेवतात. मूळ निकष एवढाच: न अडखळता वाचतं का. कोट्यवधी मुलांना वाचताच येत नाही हे देशाला दाखवून देण्यासाठी तो निकष योग्यच होता, त्या पाहणीला आम्ही बोल लावत नाही. 2021च्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. ‘समजून’ हा शब्द कागदावर आहे. वर्गात मात्र घड्याळ लावून शब्द मोजणं सोपं, समज मोजणं वेळखाऊ. मग 40 पोरांच्या वर्गात काय मोजलं जात असेल ते तुम्हीच सांगा. आमचं हे मूल तिथे वर्गात पहिलं येतं. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, माईकसमोर उभं राहतं. टाळ्या. त्यानंतर डबा खाताना ते एकटं का बसलं होतं, हे कोणी विचारत नाही.

टाळ्या हा या घरांमधला मोठा प्रश्न आहे. पाहुणे आले की ‘बाळा, वाचून दाखव’. मामाच्या लग्नात पत्रिका वाचून दाखव, हॉटेलात मेनूकार्ड. मूल वाचतं, कारण वाचायला त्याला आवडतंच. सगळे खूश. आई मात्र एका कोपऱ्यात हिशेब मांडत असते: आज डीजेच्या आवाजाने हा दोनदा कानावर हात घेऊन ओरडला, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुढे दोन-तीन वर्षांत याच मंडळींचा सूर पालटतो. दुसरीतल्या धड्यावरचे प्रश्न येत नाहीत म्हटल्यावर ‘वाचतो की’च्या जागी दुसरा शब्द येतो: ‘पोपटपंची’. काल विद्वान, आज पोपट. मूल तेच आहे, त्याचं वाचनही तेच.

पोपटपंची हा शब्द आम्हाला विशेष खटकतो, तो आपल्याच परंपरेशी विसंगत आहे म्हणून. याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, शके 1212 म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. संस्कृतातला अर्थ कळत नव्हता त्यांच्यासाठी तो मराठीत आणण्याचा एवढा मोठा खटाटोप. अर्थाचं महत्त्व नेवाशाने आम्हाला शिकवू नये तर कोणी? पण त्याच ज्ञानेश्वरीचं पारायण गावोगावच्या सप्ताहात बसतं तेव्हा काय होतं? रांगेने पोथ्या मांडलेल्या, सगळे एका सुरात ओव्या म्हणतायत. प्रत्येक ओवीचा अर्थ प्रत्येकाला कळतो? नाही. सातशे वर्षांपूर्वीची मराठी आहे ती. त्या बायाबापड्यांना कोणी पोपट म्हणत नाही. म्हणायचं कारणही नाही. त्यांना त्या वाचनातून लय मिळते, शिस्त मिळते, सोबत मिळते, मन ठिकाणावर येतं. आणि वर्षानुवर्षं वाचता वाचता एखादी ओवी एखाद्या दिवशी अचानक उलगडते. आवाज आधी आणि अर्थ मागाहून, हा क्रम आपल्याला मान्य आहे. मोठ्यांच्या बाबतीत मान्य आहे. चार वर्षांच्या पोराने शांत वाटावं म्हणून कालनिर्णयचं मागचं पान विसाव्यांदा वाचलं, की मात्र ते काढून घ्यायचं?

काढून घेतात, हो. ‘याला पुस्तकांचं व्यसन लागलंय, पुस्तकं बंद करा म्हणजे बोलेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते हा सर्वांत वाईट सल्ला. ज्या एका रस्त्याने मूल भाषेकडे येतंय तोच खणून ठेवायचा, यात कसलं शहाणपण?

आता सिनेमाकडे. 2007चा ‘तारे जमीन पर’ आपल्या मध्यमवर्गाला डिस्लेक्सिया शिकवून गेला, ते त्याचं मोठं काम. पण शेवट चित्रकलेच्या स्पर्धेत पहिलं येण्यावर. ज्याला वाचता येत नाही त्याच्यात काहीतरी अलौकिक असतंच, असा एक नकळत सौदा प्रेक्षकाच्या हाती पडला. 1988च्या ‘रेन मॅन’ने सौद्याची दुसरी बाजू आधीच पक्की केली होती. तिथला रेमंड टेलिफोनची डिरेक्टरी वाचतो आणि पाठ करतो, आपण थक्क होतो. मराठी रंगभूमीचा सूर वेगळा. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त मतिमंद मुलगा आणि त्याच्या पायी पिचलेले आईबाप आहेत, कौशल्याचा दिलासा दळवी देत नाहीत, आणि म्हणून ते नाटक आम्हाला या सिनेमांपेक्षा प्रामाणिक वाटतं. तरीही एक उरतंच. दळवींचा सगळा प्रकाश आईबापांच्या सोसण्यावर आहे. एकीकडे चमत्कार, दुसरीकडे ओझं. माठाकडे हात धरून नेणारा आणि अग्रलेख वाचणारा मुलगा या दोन्ही साच्यांत बसत नाही. त्याच्यावर मराठीत चांगली कथा लिहिली जावी अशी आमची इच्छा आहे. स्पर्धेत बक्षीस मिळवून देणारी नको, एवढंच.

साच्यांचा परिणाम फक्त कलेवर झाला असता तर एवढं बोललो नसतो. परिणाम कागदावर होतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. ती मोजायला आपल्याकडे ‘इसा’ ही भारतीय मापनपट्टी वापरतात. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एकूण 70च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही. आता गंमत ऐका. या 40 मुद्द्यांतला शेवटचा मुद्दा आहे असाधारण कौशल्याचा, आणि त्याच्या आधीचा वेगळ्याच प्रकारच्या स्मरणशक्तीचा. म्हणजे मापनपट्टी या गुणांना स्वमग्नतेच्या बाजूने मोजते, विरुद्ध बाजूने नाही. आणि आपण? ‘वाचतो की, मग सर्टिफिकेट कशाला काढताय, पोराच्या नावावर शिक्का?’ ज्या गोष्टीमुळे तपासणी लवकर व्हायला हवी तीच तपासणी पुढे ढकलायचं कारण होते. त्या शिक्क्याबरोबर शाळेतल्या सवलती येतात, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेचं लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा कवच येतं. बाप रजा टाकून, मुलाला मांडीवर घेऊन एसटीने 120 किलोमीटर पुण्याला उपचारासाठी जातो, त्या घरात लाख रुपये ही काय चीज आहे ते सांगायला नको.

मघाशी म्हटलं, दुसरी बाजू शून्य नाही, मागे पडलेली आहे. मग करायचं काय, हे इथे सगळ्यांना विचारायचं असणार. आम्ही उपचारतज्ज्ञ नाही, पण या क्षेत्रात काम करणारे गेली अनेक वर्षं जे सांगतात ते मराठी घरात कसं दिसेल एवढं सांगतो. तोंडाने दहा वेळा सांगून मूल हलत नसेल, तर लिहून द्या. ‘आधी दात. मग चहा. मग आजोबांबरोबर दूध आणायला.’ कागदाच्या तीन चिठ्ठ्या, भिंतीवर. झालेली काढून टाकायची. एकत्र कुटुंबात याचा आणखी एक फायदा होतो: काकू, आजी, बाबा सगळे तेच वाक्य बोलतात, पाच जणांचे पाच हुकूम होत नाहीत. पाहुणे येणार असतील तर तेही लिहा, किती वाजता जाणार ते नक्की लिहा. पोटदुखीसाठी ‘दुखतंय’, ‘थांबा’, ‘आवाज नको’ अशा चिठ्ठ्या त्याच्या हाताशी ठेवा. बोलून मागता येत नसलेलं कार्ड दाखवून मागता आलं, तर निम्मं रडणं कमी होऊ शकतं. प्रत्येक मुलाला लागू पडेल असं नाही. पण जे मूल अक्षराकडे असं धावतं, त्याच्याकडे अक्षराच्या हातून निरोप पाठवणं ही साधी अक्कल आहे.

आणि त्याचं बोलणं ऐकताना तो काय वाचतो ते आठवा. समजा, मुलगा दारात उभा राहून एकच घोष लावतो: ‘वाट पाहीन पण एसटीनेच जाईन.’ घरचे हसतात, नाहीतर गप्प कर म्हणतात. त्याला कदाचित मावशीकडे जायचं असेल. बसमध्ये बसल्यावर समोर लिहिलेलं वाक्य त्याने ‘जाऊ या’ म्हणून उचललं. बॅरी प्रिझन्ट यांनी 1980च्या दशकात हेच दाखवून दिलं, की या मुलांचे प्रतिध्वनी बऱ्याचदा हेतूचे असतात; मागणी असते, होकार असतो, भीती असते. ‘तुला पाणी हवंय का?’ असं मूल स्वतःबद्दल विचारतं, तेव्हा त्याने आईचं वाक्य जसंच्या तसं परत केलेलं असतं, कारण पाणी त्या वाक्यामागून येतं हे त्याला ठाऊक आहे. समज नाही असं कसं म्हणता?

2024 साली आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. मोठ्यांनी त्यावर बाजूने, विरुद्ध, जे बोलायचं ते बोलून घेतलं. अशा मुलाच्या घरात हा प्रश्न निराळाच असू शकतो. पाटी बदलली, मग गाव तेच कसं? जुनी पाटी कुठे गेली? हे त्याला समजावता येईल. ‘नाव बदललं. घर तेच. आजी तीच.’ पण तेही लिहून.

एका गोष्टीने थांबतो, मग प्रश्न घेऊ. आतापर्यंत आम्ही ज्या घराबद्दल बोललो त्यात भिंतीवर कॅलेंडर होतं, पेपर येत होता, आईला शंका घ्यायला उसंत होती. पाथर्डी-शेवगावची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्यालाच परततात. बालकांच्या आरोग्य तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. एका फेरीला मूल गावात असतं, दुसरीला फडावर. हायपरलेक्सियाचे बहुतेक अभ्यास पुस्तकांनी भरलेल्या घरांतले आहेत. कोपीत वाचायला काय असतं? ट्रॉलीच्या मागे रंगवलेलं नाव, गाडीवरचा कारखान्याचा नंबर, गुटख्याची पुडी. तिथेही एखादं पोर ट्रॉलीमागे उभं राहून अक्षरं पुटपुटत असेल. पहाटे चारला कोयता घेऊन निघालेल्या त्याच्या आईला ते ऐकू जायला हवं, आणि ऐकू गेल्यावर तिने कोणाला सांगायचं, त्या माणसाचा पत्ता तिच्याजवळ हवा.

हं, विचारा.